सगळे स्लॉट रद्द

शनिवारी दुपारी बारा चाळीसला तळमजल्यावर सहा माणसं डायलिसिसच्या मशीनला जोडलेली होती. त्या सहाही जणांच्या फोनवर एकाच वेळी मेसेज आला: 'तुमचा आजचा डायलिसिस स्लॉट रद्द झाला आहे. टेस्ट टेस्ट. केळी खा, मजा करा.'

त्यातले एक आजोबा पडल्यापडल्या नर्सला म्हणाले म्हणे, रद्द झालंय तर सुया काढा, मी घरी जातो.

तो मेसेज मी पाठवला होता. फक्त त्या सहांना नाही, सेंटरच्या छत्तीसच्या छत्तीस पेशंटना. सव्वीस वर्षं ज्या कामाचा पगार घेतेय ते काम करताना पाठवला होता, हे आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जड जाणार नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालवून बघायचा आणि तो कुठे मोडतो ते शोधायचं, हे माझं काम. महापेच्या एका कंपनीत मी दुसऱ्यांच्या कामात खोट काढते, तिची यादी करते आणि वर त्यांनाच पाठवते. घरी याला स्वभाव म्हणतात, ऑफिसात क्वालिटी.

नवी मुंबईत आमचा एक ग्रुप आहे. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सात-आठ सॉफ्टवेअरवाले जमतो आणि मिळून कोड लिहितो. आठवडाभर ऑफिसात तेच करता आणि शनिवारी फुकट का, असं माझ्या नवऱ्याने विचारलं होतं. तो तीन-तीन तास क्रिकेट बघतो, त्याला तरी कोण मानधन देतं? आधी आम्ही खारघरच्या एका कॉफी शॉपमध्ये बसायचो. आठ माणसं, आठ लॅपटॉप, दोन कॉफी, चार तास. तिसऱ्या महिन्यात मालकाने आमच्या कोपऱ्यातले प्लगच बंद करून टाकले. मी त्याच्या जागी असते तर पहिल्याच आठवड्यात केले असते.

मग आम्हाला भगतशेठ मिळाले. शेठ मूळचे शिरवण्याचे. घरची शेती होती तिथे आता बिल्डिंगी आहेत, त्यातल्या काही शेठच्याच. बायको किडनीच्या दुखण्यात गेली, त्याआधी तिला आठवड्यातून तीनदा मुंबईला न्यावं लागायचं. ती गेल्यावर शेठनी गावातल्याच आपल्या इमारतीत तळमजल्यावर ट्रस्टचं डायलिसिस सेंटर काढलं. वरचा हॉल बारसं-साखरपुड्याला देतात. आम्हाला तो फुकट दिला, एका अटीवर. शेठ म्हणाले, वर बसून कॉम्प्युटर बडवता ना, मग खालच्या सुनंदाबाईचं येक काम करून द्या.

सुनंदाताई वाघमारे म्हणजे सेंटरच्या रिसेप्शनिस्ट, मॅनेजर, टाइमटेबल आणि तक्रारपेटी. मूळच्या नांदेडकडच्या, तीस वर्षं नेरूळमध्ये. वय अठ्ठावन्न. दोन्ही गुडघे गेलेले, उजवा जास्त. टेबलापासून कपाटापर्यंतची चार पावलंसुद्धा त्या भिंत धरून टाकायच्या. एका हॉस्पिटलात त्यांना गुडघा बदलायची तारीख मिळाली होती. खरं तर ती तिसरी तारीख. आधीच्या दोन ताईंनीच सोडल्या होत्या. हीपण सोडली तर नाव यादीच्या तळाशी जाईल, असं हॉस्पिटलने बजावलं होतं.

तारखा सोडल्या कारण त्यांची जागा घ्यायला कोणी नव्हतं. किडनी काम करेनाशी झाली की माणसाचं रक्त मशीनमधून फिरवून साफ करावं लागतं. एका वेळेला चार तास, आठवड्यातून तीन वेळा, आणि याला दिवाळीची सुट्टी नसते. एक दिवस हुकला तर अंगात पाणी साठतं, फुप्फुसात गेलं तर माणूस श्वासाला महाग होतो. सेंटरमध्ये सहा मशीन, दिवसाला तीन बॅच. निम्मे पेशंट सोम-बुध-शुक्र, निम्मे मंगळ-गुरु-शनि. कोण कधी, कुठल्या मशीनवर, हे सगळं ताईंच्या डायरीत. नावांपुढे टिंबं, गोल, फुल्या. बदलीवर दोन मुली येऊन गेल्या. एक डायरी बघून दोन दिवसांत पळाली, दुसरी जेवणाच्या सुट्टीत.

तर या डायरीचं ॲप करायचं, म्हणजे कोणीही बसून चालवेल आणि ताई ऑपरेशनला जातील. एवढंच काम.

'एवढंच काम' हे शब्द ऐकले की ऑफिसात मी पदर खोचते. शनिवारी मात्र मी मजेत असते. पहिली बैठक ॲपच्या नावावर भांडण्यात गेली. मग निखिलने लॉगिन आणि ओटीपी केला. निखिल म्हणजे आमचा सगळ्यात हुशार पोरगा, खारघरला राहतो, एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि हे दर वाक्यात सांगतो. आमच्यातल्या सायलीने काळ्या बॅकग्राउंडची सुंदर स्क्रीन केली. तिचं म्हणणं, डोळ्यांना बरं पडतं. ताईंना त्यावरचं एक अक्षर दिसलं नाही. कोणीतरी रंगीत ग्राफ टाकला. कोण पेशंट उशिरा येईल हे एआयने ओळखावं, अशी निखिलची इच्छा होती.

"उशिरा कोण येतं ते मला ठाऊक आहे की," ताई म्हणाल्या.

निखिलने त्यांना समजावलं की तुम्हाला माहीत असणं स्केल होत नाही. म्हणजे एका माणसाच्या डोक्यातली गोष्ट हजार ठिकाणी वापरता येत नाही. आम्हाला एकाच ठिकाणी वापरायची होती, हे कोणी बोललं नाही.

दुसऱ्या बैठकीला ताई डायरी घेऊन स्वतः वर आल्या. अठरा पायऱ्या, तो गुडघा घेऊन. टिंब म्हणजे काय, गोल म्हणजे काय, ते सांगायला आल्या होत्या. दोन मिनिटं ऐकून निखिल म्हणाला की हे सगळे एज केसेस आहेत, फेज टूमध्ये बघू. एज केस म्हणजे क्वचित घडणारी भानगड, जी प्रोग्रॅमर नंतर बघतो म्हणतो आणि टेस्टर आधी बघा म्हणून डोकं खाते. ते डोकं खायचं काम माझं होतं. मी तेव्हा समोसा खात होते. ताईंनी डायरी मिटली आणि कठडा धरून एकेक पायरी बाजूने उतरत खाली गेल्या. मी बघितलं आणि काही बोलले नाही. याची लाज मला आजही वाटते.

आता तिसऱ्या बैठकीची गोष्ट. आमची काम करायची एक पद्धत आहे. लॅपटॉप आठ असले तरी कीबोर्ड एकच चालतो. एकजण टाइप करतो, बाकीचे सांगतात. टाइप करणाऱ्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, सांगतील ते लिहायचं. दर दहा मिनिटांनी टायमर वाजतो, की उठायचं आणि खुर्ची पुढच्याला द्यायची. वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. यामुळे सगळ्यांना सगळा कोड कळतो म्हणतात. एकाने काय करून ठेवलंय ते दुसऱ्याला कळत नाही, असाही अनुभव आहे.

त्या दिवशी मेसेजचं काम चाललं होतं. पेशंटचा स्लॉट बदलला किंवा रद्द झाला की त्याला आपोआप मेसेज जावा. रीतसर एसएमएसला परवानग्या लागतात, त्याला वेळ होता. म्हणून निखिलने जुगाड केला. आपण सगळे सकाळी ज्याच्यावर गुलाबाची फुलं आणि सुप्रभात पाठवतो, ते ॲप त्याने सेंटरच्या फोनवरून लॅपटॉपला जोडलं आणि प्रोग्रॅमच त्यातून मेसेज पाठवेल असं केलं. सेंटरचा फोन म्हणजे ताईंचा फोन. मेसेज येणार तो ताईंचा फोटो लावून.

प्रोग्रॅममध्ये एक खटका होता. 'टेस्ट'वर ठेवला तर सगळे मेसेज आमच्याच फोनवर येणार, 'लाइव्ह'वर ठेवला तर खऱ्या पेशंटना जाणार. एक वाजता ताईंना दाखवायचं म्हणून सायलीने सकाळीच डायरीतली छत्तीस खरी नावं आणि नंबर भरले होते. मेसेजचा मजकूर ठरला नव्हता, म्हणून तिने सुचेल ते टाइप केलं. शेठनी कोणाच्या तरी पूजेची डझनभर केळी वर पाठवली होती, ती टेबलावर होती. त्यावरून तिला ते वाक्य सुचलं. आमच्या धंद्यात तात्पुरता मजकूर असाच असतो. बँकांच्या प्रोग्रॅममध्ये मी 'पप्पू पास हो गया' वाचलेलं आहे.

निखिलची दहा मिनिटं आली. मेसेज खरंच जातो का बघायला त्याने खटका लाइव्हवर टाकला आणि स्वतःला एक मेसेज पाठवला. गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात टायमर वाजला. नियम म्हणजे नियम, निखिल उठला आणि मी बसले.

टेस्टरला एक खोड असते. नवा प्रोग्रॅम दिला की आम्ही साधं बटण दाबत नाही. सगळ्यात वाईट काय होऊ शकतं ते आधी करून बघतो. स्क्रीनवर 'स्लॉट रद्द करा' होतं आणि त्याच्या शेजारी 'सगळे निवडा' होतं. मी दोन्ही दाबलं. मागून सायली म्हणालीसुद्धा, मॅम नेहमी डायरेक्ट मुळावरच घाव घालतात. मी हसले.

मग आमच्यापैकी कोणाचाच फोन वाजला नाही.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खालून पहिल्यांदा नर्सचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, आणि मग आमच्या टेबलावर जोडून ठेवलेला ताईंचा फोन थरथरायला लागला तो थांबेचना. निखिलने स्क्रीनचा वरचा कोपरा बघितला आणि खुर्चीवर बसायच्या ऐवजी जमिनीवर बसला.

"मॅम," तो म्हणाला, "लाइव्ह."

टेस्टर म्हणून मी सव्वीस वर्षं लोकांना विचारत आले, की आधी खटका कुठे आहे ते बघितलंस का? पोरांना रडवलंय मी या प्रश्नावरून.

निखिलने आधी ते केलं जे कोणीही प्रोग्रॅमर करेल. चूक प्रोग्रॅमने झाली तर दुरुस्तीही प्रोग्रॅमनेच. सगळे मेसेज पुसायला घेतले. निम्म्या लोकांनी वाचलेच होते. बाकीच्यांना आता 'हा मेसेज पुसला आहे' एवढंच दिसत होतं, म्हणजे ते आणखी घाबरले. मग त्याने माफीचा मेसेज सगळ्यांना पाठवायला घेतला. एका मिनिटात इतक्या घाऊक हालचाली बघून त्या सुप्रभातवाल्या ॲपने ताईंचा नंबरच बंद केला. बरोबरच केलं.

तेवढ्यात भगतशेठ वर आले. शेठ कधी ओरडत नाहीत.

"ह्यो केल्याचा मेसेज कोनी पाठवला?"

मी म्हटलं, मी.

शेठनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाले, माझ्या बायकोला डॉक्टरने येक केला खाऊ दिला नाय शेवटपर्यंत. आम्हाला तेव्हा कळलं, की किडनीच्या पेशंटला केळं म्हणजे विष. सायलीचं तोंड पांढरं पडलं. निखिल अजून म्हणत होता, की दुसऱ्या नंबरवरून प्रोग्रॅम चालवू का.

"येक बी मेसेज नको आता," शेठ म्हणाले. "तोंड हाय ना? फोन लावा."

त्या दिवशी आलेले आम्ही सातहीजण खाली गेलो. ताई टेबलामागे बसल्या होत्या, डायरी उघडी. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मशीनवरच्या सहा जणांना नर्सनी आधीच शांत केलं होतं, उरलेली तीस नावं ताईंनी सात जणांत वाटून दिली. सगळ्यात घाई साडेतीनच्या बॅचची. ते सहाजण आज आले नसते, तर गुरुवारनंतर थेट मंगळवार.

फोनवर बोलायची आम्हाला सवय नाही. निखिलने पहिला फोन लावला तेव्हा तो कस्टमर केअरच्या इंग्रजीत बोलायला लागला, पलीकडच्या बाईंनी लोन नको म्हणून ठेवून दिला. ताईंनी नुसतं सांगितलं, की सुनंदाताईकडून बोलतोय म्हणा. मग जमलं. आणि जमलं तसं लोक बोलायला लागले. एकीचा मुलगा रिक्षा चालवतो, त्याची पाळी बदलली तरच तिला दुपार चालते. डायरीत तिच्या नावापुढे टिंब. एक काका मशीनवरून उठले की चक्कर येते, घरी न्यायला कोणी नाही, म्हणून तासभर बसवून ठेवायचं. गोल. एका आजींचा नंबर आहे तो त्यांचा नाहीच, शेजारणीचा. फुली. आम्ही कान आणि खांद्यामध्ये फोन धरून, हातात येईल त्या कागदावर हे सगळं लिहीत होतो. सायलीने केळ्यांच्या कागदी पिशवीवर लिहिलं.

पावणेदोनपर्यंत साडेतीनच्या बॅचमधले पाच लागले. सहावे पाटकर काका. बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले, खारघरला एकटे राहतात. फोन वाजत होता, उचलत नव्हते. मी आठ वेळा लावला.

"त्यांना नका लावू," ताई पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. "फोन घरीच ठेवून फिरतात ते. खालच्या इस्त्रीवाल्याला लावा."

नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला. आमच्या ॲपमध्ये मोबाइल नंबराचा एकच रकाना होता, दहा आकड्यांचा, चुकला तर लाल होणारा. इस्त्रीवाल्याचा रकाना नव्हता. इस्त्रीवाला म्हणाला, काका आत्ताच गेले, खुशीत होते, सुट्टी मिळाली म्हणत होते.

ताईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, सुट्टी म्हटल्यावर ते मेट्रो धरून बेलापूरला जाणार. ऑफिसच्या गेटसमोर चहाची टपरी आहे, शनिवारी तिथे रिटायर लोक पत्ते खेळत बसतात.

निखिलच्या बाइकवर मागे बसून मी बेलापूरला गेले. वय चोपन्न, साडी, हेल्मेट शेठचं. वाटेत निखिल काहीतरी बोलत होता, वाऱ्यात मला फक्त 'मॅम, सॉरी' एवढंच कळत होतं. मी म्हटलं, पुढे बघ.

पाटकर काका टपरीवर होते. समोर पत्ते, हातात चहा, शेजारी रिकामा ग्लास, म्हणजे हा दुसरा. दिवसाला किती पाणी प्यायचं हे या पेशंटना मोजून दिलेलं असतं, चहा त्यातच धरतात. चेहरा सुजलेला, पावलं चपलेत मावत नव्हती. आणि माणूस अगदी आनंदात.

मी सांगितलं की मेसेज चुकीचा होता, चला. काका ऐकेनात. म्हणाले, सुनंदाबाईंनी स्वतः पाठवलाय, फोटो होता त्यांचा. चार वर्षांत पहिली सुट्टी दिली बाईंनी, आणि तुम्ही कोण?

निखिलने ताईंना फोन लावून काकांच्या कानाला लावला. ताई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. काकांनी हातातले पत्ते पालथे टाकले, उरलेला चहा टपरीवाल्याला परत दिला आणि शाळेतल्या पोरासारखे मुकाट्याने उठले. रिक्षात बसताना मला म्हणाले, "पण केळी खा असं का लिहिलं हो बाईंनी? मी एक खाल्लं."

तेवढ्याने तेव्हा माझा जीवच गेला. आता हसू येतं.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी काका सेंटरला आले. तोपर्यंत शेठनी डॉक्टरांना बोलावून घेतलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं, मशीन थोडं वेगळं लावायला सांगितलं आणि आमच्याकडे बघून मान हलवली. काही झालं नाही. काही होऊ शकलं असतं, हे त्या मान हलवण्यात होतं.

सहाही मशीन सुरू झाल्यावर ताई म्हणाल्या, "मी नाही जात ऑपरेशनला. तुमच्या हवाली करून जाऊ का ह्यांना?"

ताईंनी हॉस्पिटलला कळवायला टेबलावरचा दुसरा फोन जवळ ओढला. मला स्वतःचा असा संताप आला की बस. ही बाई तीन वर्षं भिंत धरून चालतेय आणि तिची शेवटची तारीख मी बोटाने दाबून घालवली. मी फोनवर हात ठेवला. म्हटलं, ताई, मला दोन शनिवार द्या. ॲप टाकून देते. दोन शनिवारांनी तुम्हाला पटलं नाही तर मीच हॉस्पिटलला फोन करीन.

ताई म्हणाल्या, ॲप आत्ताच टाका. मग बघू.

आम्ही ॲप पुसलं. निखिलला ग्राफ ठेवायचा होता. पुसला.

मग त्या दुपारचे कागद मांडले. पिशवीचा तुकडा, टिश्यू पेपर, एका जणाच्या तळहातावर लिहिलेलं. तीन बैठकांत आम्ही जे विचारलं नव्हतं, ते दोन तासांच्या फोनवर लोकांनी आपणहून सांगितलं होतं. टिंबं, गोल, फुल्या, सगळ्यांचे अर्थ त्यात होते. आम्ही एक साधा तक्ता केला. नाव, वार, वेळ, मशीन, आणि शेवटचा सगळ्यात रुंद रकाना. त्याला निखिलने 'रिमार्क्स' नाव दिलं होतं. सायलीने खोडून 'ताईंना माहीत असलेलं' असं केलं. मधल्या दोन आठवड्यांत आम्ही पाळीपाळीने संध्याकाळी ताईंच्या घरी गेलो आणि उरलेलं विचारून घेतलं. निखिल दोनदा गेला. एकदा ताईंनी त्याला जेवू घालूनच पाठवलं. मोठ्या अक्षरांत छापलं, पांढऱ्या कागदावर काळी शाई, चार पानं. एक प्रत भिंतीला.

टेबलावर कोण बसणार हा प्रश्न शेठनी सोडवला. म्हणाले, दुसरी पोरगी आनून ती बी पलाली तर? मीच बसतो. चाळीस भाडेकरू सांभालतो, छत्तीस पेशंट काय हायत.

आमच्या धंद्यात शेवटी एक परीक्षा असते. ज्याच्यासाठी काम केलं तो माणूस स्वतः वापरून बघतो आणि हो किंवा नाही म्हणतो. मागून घेतलेल्या दोनपैकी दुसऱ्या शनिवारी ती ठेवली, ऑपरेशनच्या तारखेआधी तीन दिवस. अट माझी होती. ताईंनी पेशंटच्या बाकावर बसायचं, दिवसभर. काम शेठ करणार, तक्ता बघून. ताईंना एकदाही तोंड उघडावं लागलं तर आम्ही नापास, मंगळवारचं ऑपरेशन रद्द.

सकाळी साडेसहाला पहिली बॅच. शेठ चष्मा लावून बोट तक्त्यावर फिरवत होते. चक्करवाले काका उठले, शेठनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतःच्या घरची उकडलेली अंडी दिली, नर्सला विचारून. सव्वाबाराला ताईंचं तोंड उघडलं. आम्ही सातहीजण उभे राहिलो. त्यांनी जांभई दिली.

सव्वातीन वाजता तक्त्यात नसलेलं घडलं. रिक्षावाल्याची आई आलीच नाही आणि फोनही नाही. शेठ तक्ता वर-खाली बघत होते. ताईंनी बाकाची कड घट्ट धरली होती, त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नाही. शेठनी शेवटी तक्ता बाजूला ठेवला, फोन उचलला आणि मुलाला लावला. कुठं हायस, आई बरी हाय ना? रिक्षाचा टायर पंक्चर झाला होता. शेठनी आपली गाडी पाठवली. पावणेचारला ती बाई मशीनवर होती.

चार वाजता शेवटची सुई लागली. पाटकर काका त्याच बॅचमध्ये होते, झोपून पेपर वाचत होते. ताई बाकावरून उठल्या. भिंतीला लावलेल्या तक्त्यापर्यंत गेल्या, चार पावलं, भिंत धरून. पहिल्या नावापासून छत्तिसाव्यापर्यंत सगळं वाचलं. आम्ही वाट बघत होतो. मी आजवर इतकी घाबरून कुठल्याही क्लायंटसमोर उभी राहिले नव्हते.

"हॉस्पिटलला सांगा," त्या म्हणाल्या, "येते म्हणून."

मंगळवारी ऑपरेशन झालं. सहा आठवडे शेठनी टेबल सांभाळलं, त्यांच्या खिशातला तक्ता घडीवर घडी पडून चिंधी झाला होता. ताई काठी घेऊन परत आल्या, मग काठीही सुटली. ग्रुप अजून शनिवारी जमतो. नवा नियम एवढाच, की खुर्ची सोडताना खटका कुठे आहे ते मोठ्याने सांगायचं. निखिलने त्यासाठी प्रोग्रॅम लिहितो म्हटलं, त्याला गप्प बसवलं.

ऑफिसात परवा एका नव्या पोराने विचारलं, मॅम, युजरला काय हवंय ते कळत नाहीये, काय करू? सव्वीस वर्षांत या प्रश्नावर मी दोन ट्रेनिंग घेतली आणि एक दिलं. मी त्याला त्या युजरचा फोन नंबर दिला.